मराठवाड्यातून चारधाम: ३४ जणांचा गट, नियोजन कसं लावावं?

गोदाकाठ, गंगाखेड

रामकृष्णहरी मंडळी. आमच्या भजनी मंडळाचा उत्तराखंडच्या चारधामचा (यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ) बेत ठरतोय. माणसं ३४, त्यात बाया १९. नऊ जण पासष्टीच्या पुढचे, सहा जणांना बीपीची गोळी, चौघांना साखर. बहुतेक शेतकरी. हळद-ज्वारी उरकून निघायचं आणि मृगाच्या आत घर गाठायचं. एका यात्रावाल्याने हरिद्वार ते हरिद्वार १० दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. विचारायचं एवढंच: दिवस पुरतील का, गाडी इथूनच न्यावी का, जेवणाचं कसं करावं, आणि वयस्करांना केदारनाथ झेपेल का?

बालाघाटी

माउली, आधी तारखांचं बघा, बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. धोंड्याच्या महिन्यात तीर्थाला जायची आपल्याकडे चाल आहे, आणि उत्तरेत नेमक्या त्याच काळात शाळांना सुट्ट्या. दोन्ही गर्दी एकावर एक बसणार. अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला असल्यामुळे मेच्या सुरुवातीला चारही मंदिरं उघडलेली असतात. उघडल्यानंतरचा पहिला आठवडा सोडा, कारण त्या दिवसांत लोक तुटून पडतात. २ किंवा ३ मेला घर सोडून अधिकाच्या आत परत यायचं जमवलंत तर उत्तम. थंडी जास्त असेल, केदारनाथच्या पायवाटेवर लिंचोलीच्या वर कडेला बर्फ असेल, पण रांगा आवाक्यात राहतील.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा हवेला सगळ्यात चांगला असतो. पण आपल्याकडे तेव्हा महालक्ष्म्या, मग पितृपक्ष, आणि लगेच सोयाबीनची काढणी. शेतकरी गटाला ते जमत नाही.

आता दिवस. दहा दिवसांत चार धाम होतात, पण कागदावर. त्या कार्यक्रमात रोज आठ-नऊ तास गाडी आणि एकही दिवस मोकळा नाही. डोंगरात दरड पडून अर्धा दिवस जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. श्रीनगर-रुद्रप्रयागच्या मधलं सिरोबगड आणि बद्रीनाथच्या अलीकडचं लामबगड ही त्यासाठी ठाऊक असलेली ठिकाणं. हरिद्वार ते हरिद्वार १२ दिवस धरा, त्यातले दोन कोरे ठेवा. एक कोरा दिवस केदारनाथच्या आधी गुप्तकाशीला, दुसरा अगदी शेवटी. वापरला गेला नाही तर ऋषिकेशला गंगेवर बसा, वाया काही जात नाही.

क्रम यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ असाच ठेवा. परंपरा तर आहेच, पण शरीरालाही तोच सोयीचा. यमुनोत्री ३,२९३ मीटरवर, पण मुक्काम खाली बडकोटला, साधारण १,२०० मीटरवर. गंगोत्रीलाही तसंच, मुक्काम उत्तरकाशीला. वर जाऊन खाली झोपायचं, असं दोनदा झालं की केदारनाथला शरीर तयार असतं. काही यात्रावाले गर्दी चुकवायला आधी केदारनाथ घेतात. वयस्कर मंडळी असलेल्या गटाने ते मान्य करू नये.

पूर्णा जंक्शन

रेल्वेचं मी सांगतो. तुम्हाला परभणीहून सचखंड एक्स्प्रेस सोयीची: नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत नवी दिल्ली. तिथून हरिद्वार रेल्वेने चार-पाच तास.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे ३४ जणांची सहा तिकिटं. ती एकाने एकामागून एक काढत बसू नये. सहा जणांनी सहा ठिकाणांहून एकाच मिनिटाला काढावीत, नाहीतर शेवटच्या दोन तिकिटांना वेटिंग येतं. प्रत्येक तिकिटावर निदान दोन कर्ती माणसं आणि वयस्करांचे खालचे बर्थ येतील अशी नावं आधीच वहीत जुळवून ठेवा.

दिल्लीत उतरून त्याच दिवशीची हरिद्वारची गाडी धरायची तर मध्ये पाच-सहा तास सोडा. सचखंडला लांबचा पल्ला आहे, उशीर होतो. आणि परतीचं तिकीट हरिद्वारला पोचायच्या ठरल्या दिवसाचं कधीच काढू नका. बालाघाटींनी सांगितलेला शेवटचा कोरा दिवस त्यासाठीच आहे.

गोदाकाठ, गंगाखेड

तारखांचं पटलं, मंडळापुढे ठेवतो. गाडीबद्दल मतभेद आहेत. गावातल्या एकाची ५० सीटर बस आहे, ड्रायव्हर ओळखीचा. तो म्हणतोय थेट घेऊन जाऊ, उतरचढ वाचेल.

औंढ्याची वाट

दादा, तेवढं करू नका.

मोठी बस त्या रस्त्यांवर चालत नाही. यमुनोत्री आणि गंगोत्रीकडच्या अरुंद वळणांवर लांब गाडी एका दमात वळत नाही, मागे-पुढे घ्यावी लागते. त्यात चारधामला जाणाऱ्या प्रवासी गाडीला ग्रीन कार्ड आणि प्रत्येक फेरीचं ट्रिप कार्ड लागतं. त्यासाठी गाडीची तपासणी होते आणि ड्रायव्हरला डोंगरात चालवायची परवानगी लागते. सगळ्यात मोठा प्रश्न उताराचा. आपल्याकडचा सपाटीचा ड्रायव्हर उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसतो. तीस किलोमीटर उतार सलग आला की ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. डोंगरातला ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो, ब्रेकला नुसता स्पर्श करतो.

हरिद्वारहून दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, २० सीटरच्या. ३४ माणसं म्हणजे प्रत्येकीत १७. तीन जागा रिकाम्या राहतात, त्या सामानाला आणि ज्याला आडवं व्हावं लागेल त्याला. यात्रावाला २६ सीटर एक आणि एक छोटी गाडी देतो म्हणेल, कारण त्याला ते स्वस्त पडतं. पण मग एक ड्रायव्हर पुढे, एक मागे, आणि गट दोन लॉजमध्ये फुटतो.

ठरवताना या गोष्टी लेखी घ्या: रस्ता बंद पडून मुक्काम वाढला तर खोलीचे आणि गाडीचे पैसे कोण देणार, एका खोलीत किती माणसं, चढावर एसी बंद राहील हे धरून भाडं किती, सोनप्रयाग-गौरीकुंडच्या जीपचं भाडं आत की बाहेर, आणि ड्रायव्हरचा मुक्काम-जेवण कोणाकडे. पहिल्या मुद्द्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि ती डोंगरात, पावसात, रात्री होतात. चारधामच्या मार्गावर रात्री दहा ते पहाटे चार वाहतूक बंद असते, त्यामुळे 'रात्रीतून गाठू' हा पर्याय तिथे नसतोच.

उलट्यांचं लहान वाटतं, पण दोघं-तिघं सुरू झाले की गाडीच थांबते. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघायच्या तास-दोन तास आधी एव्होमिनची गोळी घ्यावी आणि पुढच्या सीटवर बसावं. सकाळी रिकाम्या पोटी नाही आणि भरपेटही नाही, दोन दशम्या आणि चहा पुरे.

वैद्य, जालना

तब्येतीचा भाग मी घेते.

नऊ जण पासष्टीपुढचे म्हणता. वय हा निकष नाही, चाल हा निकष आहे. निघायच्या ४५ दिवस आधीपासून रोज चालायला लावा. शेवटच्या आठवड्यापर्यंत सपाट रस्त्यावर सहा किलोमीटर दीड तासात, न बसता, बोलत बोलत जमायला हवेत. रोज शेतात राबणाऱ्याला वाटतं आपल्याला याची गरज नाही. पण सपाट रानातल्या कामाची आणि चढाची सवय वेगळी. माहूरला जाऊन रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया असं एका दिवसात पायी करून बघा. उतरताना कोणाचे गुडघे धरतात ते तिथेच कळेल.

उंचीचं गणित असं. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. म्हणजे एका दिवसात १,६०० मीटर चढ. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे. समुद्राच्या काठावरून निघून संध्याकाळपर्यंत कळसूबाईच्या माथ्यावर पोचण्याइतका हा चढ, आणि वर पोचल्यावर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू इथल्या सुमारे दोन तृतीयांशच.

डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं ही विरळ हवेची सुरुवातीची लक्षणं. ती दिसली की आणखी वर जायचं नाही, विश्रांती आणि पाणी. मात्र बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, ओठ निळसर दिसले तर फुफ्फुसात पाणी होतंय असं धरा. आणि माणूस लटपटत चालायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर मेंदूला सूज. जमिनीवर सरळ रेघ ओढून पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर वाट बघायची नाही. दोन्हींवर खरा उपाय एकच, लगेच खाली आणणं. डबीतला ऑक्सिजन काही मिनिटांचा असतो, तो उतरताना आधार म्हणून. डबी नाकाला लावून वर चालत राहणं सगळ्यात धोक्याचं.

विरळ हवेच्या त्रासावर असिटाझोलामाइडची गोळी उपयोगी पडते, पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही आणि लघवी वाढवते. बीपीच्या काही गोळ्यांचं कामही तेच असतं. म्हणून प्रत्येकाने आपल्या डॉक्टरला विचारूनच ती घ्यावी, गटासाठी एक पाकीट आणून वाटू नये.

साखरवाल्यांसाठी: चढावर साखर भराभर उतरते आणि थकवा म्हणून दुर्लक्ष होतं. खिशात गूळ किंवा खडीसाखर, सामानात नाही. इन्सुलिन थंडीत गोठू देऊ नका, रात्री पांघरुणात अंगाजवळ ठेवा. साखर मोजायचं यंत्र थंडीत चुकीचा आकडा देतं किंवा चालतच नाही, आधी बगलेत गरम करा. गोळ्या दोन जागी वाटून ठेवा, कारण पिशवी घोड्यावर पुढे जाते आणि माणूस मागे राहतो.

हत्तीबेट, उदगीर

केदारनाथचा दिवस कसा लावायचा ते सविस्तर सांगतो, कारण गट तिथेच फुटतो.

नोंदणी आधी. उत्तराखंड शासनाची ऑनलाइन नोंदणी प्रत्येकाला लागते, चारही धामांची, तारखेसह. नाव आधारवर आहे तसंच टाका. 'बाई', 'राव' गाळलं की तपासणीला अडकतं. नोंदणीचा कागद छापून प्रत्येकाच्या गळ्यातल्या पिशवीत द्या. सगळे एकाच मोबाइलमध्ये ठेवले आणि त्याची बॅटरी थंडीत उतरली की ३४ माणसं अडतात.

गुप्तकाशीहून सोनप्रयाग ३० किलोमीटर. पहाटे तीनला उठून, चार वाजता मार्ग खुला होताच निघा. सोनप्रयागला गाडी सोडावी लागते, तिथून गौरीकुंड ५ किलोमीटर जीपने, आणि या जीपची रांगच कधी दोन तास खाते. गौरीकुंडहून पायी १६ किलोमीटर: जंगलचट्टी, भीमबली, लिंचोली, बेस कॅम्प, मंदिर. २०१३ च्या जूनमधल्या पुरात रामबाड्याची जुनी वाट वाहून गेली. नवी वाट मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या अंगाने चढते, म्हणून दोन किलोमीटर वाढले आणि भीमबलीनंतरचा चढ उभा झाला. जुन्या लोकांनी सांगितलेले १४ किलोमीटर धरू नका. वयस्करांना नऊ तास लागतात. सकाळी सातला गौरीकुंड सुटलं नाही तर लिंचोलीलाच राहायची तयारी ठेवा, ती सोय वाईट नाही.

घोडा, डोली, कंडी (माणसाच्या पाठीवरची टोपली) जे घ्यायचं ते अधिकृत खिडकीवरून पावती घेऊनच. पावतीवरचा क्रमांक आणि घोडेवाल्याच्या ओळखपत्रावरचा क्रमांक जुळतो का बघा, मोबाइलवर फोटो काढा. घोडेवाला बेस कॅम्पच्या आसपास सोडतो, मंदिर तिथून अजून चालत. घोड्यावर चढताना पुढे वाकायचं, उतारावर मागे रेलायचं, पाय रिकिबीत पूर्ण घालायचे नाहीत. पायी चालणाऱ्यांनी नेहमी डोंगराच्या अंगाने चालावं. खेचर वळताना पाठीवरचं ओझं बाहेर झोकतं आणि दरीकडचा माणूस त्यात ढकलला जातो.

दिंडीची शिस्त इथे उपयोगी पडते. ३४ जणांच्या सहा तुकड्या करा, प्रत्येकीत एक पुढचा आणि एक मागचा. मागचा माणूस सगळ्यात दमदार हवा, कारण त्याला कोणाला मागे सोडता येत नाही. भेटायची ठिकाणं ठरलेली: भीमबली आणि लिंचोली. तिथे सहाही तुकड्या जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रत्येकाच्या खिशात हिंदीत लिहिलेलं कार्ड: नाव, गाव, गोळ्या, लॉजचं नाव, तुकडीच्या माणसाचा नंबर. आपल्या वयस्कर बायांना हिंदी फारसं येत नाही, चुकल्या तर हे कार्डच बोलतं.

दर्शन सकाळी गाभाऱ्यात जाऊन होतं, तूप लावून स्वतःच्या हाताने सेवा करता येते. दुपारी तीन ते पाच मंदिर बंद, नंतर शृंगार दर्शन, ते बाहेरून. म्हणून वर मुक्काम करून पहाटेची रांग धरावी.

गोदाकाठ, गंगाखेड

हेलिकॉप्टरचं काय? निदान चार-पाच जणांसाठी.

हत्तीबेट, उदगीर

गुप्तकाशी, फाटा आणि शेरसी इथून उडतात. तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतं, यात्रेची नोंदणी आधी लागते. त्याच नावाची खोटी संकेतस्थळं भरपूर आहेत, फोनवर पैसे मागणाऱ्याला देऊ नका. ढग आले की फेऱ्या थांबतात, म्हणून चढायला घोडा किंवा डोली हाताशी असेल अशीच योजना करा. आणि हेलिकॉप्टरने गेलेला माणूस दहा मिनिटांत ३,५८३ मीटरवर पोचतो, त्याला विरळ हवेचा त्रास जास्त होतो. दमेकऱ्याला हाच सोपा मार्ग असं घरचे समजतात, ते उलटं आहे.

चुलवण, बीड

जेवणाबद्दल कोणी बोललंच नाही! माळकरी मंडळी असतील तर बिना कांदा-लसणाचं हवं, आणि लॉजवाले रोज तेच बटाटे-पुरी वाढतात. तिसऱ्या दिवशी पोटं बिघडतात.

दोन आचारी सोबत न्या, किंवा बायांच्या पाळ्या लावा. लॉज ठरवताना स्वयंपाक करू देणार का हे आधी विचारा. गॅस सिलिंडर रेल्वेत नेता येत नाही, शेगडी-सिलिंडर हरिद्वारहून गाडीवाल्याकडून घ्या. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण कमी तापतं, साडेतीन हजार मीटरवर ८८ अंशांच्या आसपास. तूरडाळ कितीही उकळली तरी दाणा राहतो. म्हणून मोठे कुकर दोन, आणि मुगाची डाळ.

आपल्या येसराइतकी (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) सोयीची गोष्ट नाही. उकळत्या पाण्यात कालवलं, फोडणी दिली की आमटी तयार, डाळ शिजायची वाट बघणं नाही. भाजताना नीट कोरडं भाजा. माणशी २० ग्रॅम धरलं तर ३४ जणांना एका वेळी ७०० ग्रॅम, पाच वेळांना साडेतीन किलो. तांदूळ माणशी १०० ग्रॅम, म्हणजे एका वेळी साडेतीन किलो. नाश्त्याला सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे: दोन किलो मुरमुरे एका वेळी. पोतं मोठं दिसतं, वजन नाही. ज्वारीचं पीठ फार नेऊ नका. जुनं झालं की भाकरी थापताना तुटते, आणि ३४ जणांच्या दोन-दोन भाकरींना एका वेळी सहा-सात किलो लागतं. दोन वेळांपुरतं न्या, बडकोट आणि उत्तरकाशीला संपवा. शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी दोन-दोन किलो. धपाटे रेल्वेतच संपवायचे.

बायांना एक सांगायचं राहिलं. लुगडं किंवा साडी चढावर पायात येते आणि ओली झाली की वाळत नाही. आतून जाड लेगिंग, वर साडी जरा उंच नेसून. नऊवारीचा काष्टा असेल तर उलट सोयीचं. बूट निघायच्या महिनाभर आधी घालायला लागा. नवे बूट आणि १६ किलोमीटर म्हणजे टाचेला फोड ठरलेला.

बालाघाटी

चुलवणताईंशी सहमत, फक्त यमुनोत्रीला वर जाताना थोडे तांदूळ-बटाटे सोबत असू द्या. तिथे सूर्यकुंडात तांदूळ-बटाटे फडक्यात बांधून शिजवतात, तोच प्रसाद. फडकं पातळ सुती आणि दोरी लांब न्या. जानकीचट्टीपासून सहा किलोमीटरची ती वाट मात्र हलकी समजू नका. अरुंद आहे, आणि घोडे, डोल्या, माणसं एकाच वेळी.

हत्तीबेट, उदगीर

वाटेतलं थोडं. केदारनाथहून बद्रीनाथकडे चोपत्याच्या रस्त्याने जाणार असाल तर उखीमठ लागतं. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात होते, आणि वीरशैवांच्या पाच पीठांपैकी केदारपीठही तिथेच. लातूर-नांदेडकडची लिंगायत मंडळी सोबत असली तर त्यांच्यासाठी तासभर राखा. केदारनाथचे रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, त्याच परंपरेतले, आणि बद्रीनाथचे रावळ केरळचे नंबुद्री. हे आधी सांगून ठेवलं की लोक वेगळ्या नजरेने बघतात.

बद्रीनाथचे तीर्थपुरोहित देवप्रयागचे. त्यांच्या वह्यांत पूर्वज सापडवायचे असतील तर आजचा जिल्हा सांगून उपयोग नाही. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत होतं. आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बीदरमध्ये. आजोबा-पणजोबांची नावं, जुना तालुका आणि आडनाव घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून आणा. बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदान करणाऱ्यांनाही तीच यादी लागते.

औंढ्याची वाट

गंगोत्रीच्या वाटेवर ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत पूर आला होता, गाव आणि रस्ता दोन्ही गेले. निघायच्या आधी हर्षिलपुढच्या रस्त्याची ताजी माहिती उत्तरकाशीला पोचल्यावर पोलीस चौकीत विचारा, घरून विचारलेली कामाची नसते. गंगोत्रीचा कार्यक्रम उत्तरकाशीहून १०० किलोमीटर जाऊन, तेवढंच परत येऊन, एका दिवसाचा. पहाटे निघून दुपारी दोनच्या आत परत फिरा.

गोदाकाठ, गंगाखेड

मंडळी, उपकार झाले. काल बैठकीत १२ दिवस आणि दोन ट्रॅव्हलर मंजूर झालं. तिघांनी केदारनाथला न जाता गुप्तकाशीलाच थांबायचं कबूल केलं, त्यांच्यासोबत एक धडधाकट माणूस राहील. शेवटचा प्रश्न गंगाजळाचा आणि मावंद्याचा. पत्रिका आत्ताच छापायला टाकायच्या म्हणतायत.

चुलवण, बीड

पत्रिकेत तारीख घालू नका, दादा. रस्ता दोन दिवस बंद पडला तर इथे मांडव घातलेला आणि यात्रेकरू चमोलीत, असं होतं. घरी पोचल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसाची धरा आणि तेव्हा फोनवर सांगा.

गंगाजळ गंगोत्रीहूनच भरा. डाक लावून तोंड बंद केलेले तांब्याचे गडू तिथे मिळतात, पण ३४ जणांनी प्रत्येकी एक घेतला की वजन बघा. पाच लिटरचे दोन कॅन घरून धुऊन न्या, नदीत स्वतः भरा, झाकणावर चिकटपट्टी तीन फेरे, आणि गाडीत उभे बांधा. घरी आल्यावर गडू इथेच कासारगल्लीतून घेऊन वाटता येतील.